पेशंटचं ऐकायचं नाही

"या गावात यापुढे साप चावून कुणी मरायचं नाही!" नर्सबाईंनी जाहीर केलं. "मी मनाई केली आहे!"

हे त्यांनी भर सभेत नव्हे, स्वतःच्या घरात जाहीर केलं, आणि ऐकायला होती दोनच माणसं. एक, शिलाई मशीनवर वाकलेला नवरा आणि दुसऱ्या, पलंगावर पाय सोडून बसलेल्या सासूबाई. नवरा गावचा शिंपी. तोंडात कायम टाचण्या असल्यामुळे तो सहसा वाद घालत नसे. पण आज त्याने एकेक करून टाचण्या बाहेर काढल्या.

"सापांना कळवलंस का?" त्याने विचारलं.

"थट्टा करा! करा खुशाल! पण मी हे करून दाखवणार!"

आणि बाई करून दाखवणाऱ्यांतल्याच होत्या. 'हे जमायचं नाही' एवढं कुणी म्हणायचा अवकाश, की बाई पदर खोचून तयार. अशा माणसाचं अर्धं आयुष्य दुसऱ्याला खोटं पाडण्यात जातं आणि उरलेलं अर्धं आपण खोटे पडलो नाही हे पटवून देण्यात. बाईंना दोन्ही अर्ध्यांचा मनापासून आनंद होता.

त्यांचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी आणि मागे गिरणीवाल्याने रचून ठेवलेला सरपणाचा ढीग. दवाखान्याच्या भिंतीवर आरोग्य खात्याच्या मुख्यालयातून आलेलं एक चित्र होतं. गुडघ्यापर्यंत बूट घातलेला एक माणूस हातात बॅटरी घेऊन तोंडभर हसतोय आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'सापांपासून सावध राहा!' गावाने ते चित्र पुढून, बाजूने, सगळीकडून पाहिलं आणि असं ठरवलं की एवढे झकास बूट मिळाल्यावर कुणीही हसेल. सापाचा त्यात काय संबंध, हे कुणालाच कळलं नाही.

तेव्हा बाईंनी चित्राचा नाद सोडला आणि वर्ग सुरू केला. दर आठवड्याला पडवीत गाव जमायचं आणि बाई विचारायच्या, गाव ओरडायचं.

"अंधारात बाहेर पडायचं?"

"बॅटरी घेऊन!"

"बूट चढवायचे?"

"आधी झटकून!"

"सरपण उचलायचं?"

"आधी काठीने ढोसून!"

"झोपायचं?"

"खाटेवर! मच्छरदाणी खोचून!"

"आणि एवढं करूनही चावलाच तर?"

इथे सगळे एकदम सुटायचे. धावायचं नाही! दोरी आवळायची नाही! कापायचं नाही, चोखायचं नाही, मांत्रिकाकडे न्यायचं नाही, सापाच्या मागे लागायचं नाही! अंगठ्या काढायच्या, पाय फळीला बांधून सरळ ठेवायचा, माणसाला आडवं करायचं आणि उचलून थेट मोठ्या दवाखान्यात न्यायचं!

"आणि पेशंट म्हणाला, मला काही झालेलं नाही?"

"ऐकायचं नाही!"

हा शेवटचा नियम मुख्यालयाचा नव्हता. तो बाईंचा होता, आणि तो ओरडताना पहिल्या ओळीतल्या गवळणीचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा. गेल्या वर्षी तिच्या नवऱ्याने पहाटे गवताच्या भाऱ्यात हात घातला आणि म्हणाला, काटा लागला वाटतं. ना सूज, ना रक्त, ना दुखणं. त्याने धारा काढल्या, घरोघरी दूध घातलं, परत येऊन म्हणाला, डोळे मिटतायत, जरा पडतो. बाई धावत पोचल्या तेव्हा त्याला पापण्या उघडता येत नव्हत्या. गाडीत घातला, पण वाटेतच गेला.

त्या दिवशी बाई घरी आल्या त्या थेट न्हाणीघरात शिरल्या आणि आतून कडी लावून पोटभर रडल्या. मग तोंड धुतलं आणि बाहेर आल्या त्या नवा नियम घेऊनच. दुसऱ्या दिवशी न्हाणीघराचं दारही बाहेर आलं.

कारण माणूस आडवा न्यायचा तर स्ट्रेचर हवं. मुख्यालयाकडे मागितलं तर उत्तर आलं की तुमच्या दवाखान्याला स्ट्रेचर नियमात बसत नाही. बाईंनी पेचकस घेतला आणि बिजागऱ्या सोडवल्या. दार हलकं, मजबूत आणि माणसाच्या मापाचं होतं. शिंप्याने न्हाणीघराला अस्तराच्या कापडाचा पडदा लावला आणि आत कुणी आहे हे कळावं म्हणून अंघोळीच्या वेळी गाणं म्हणायला सुरुवात केली. त्याला एकच ओळ येत होती. शेजाऱ्यांनी आठवडाभर सहन केलं आणि मग एकाने येऊन विचारलं, "दार कधी बसवताय?"

सरावाचा सापही शिंप्यानेच शिवला. कुणाच्या तरी फ्रॉकचं उरलेलं पिवळं कापड, त्यावर टपोरी लाल फुलं, आत कापूस.

"अहो, साप असा असतो का?"

"उरलेलं कापड हेच आहे. नाग हवा असेल तर कुणालातरी काळा झगा शिवायला टाकू दे."

आणि सरावाचा पेशंट म्हणजे सासूबाई! काटकुळ्या अंगाच्या, उचलायला सोप्या आणि हौशी. दर आठवड्याला त्यांना साप चावायचा आणि दर आठवड्याला त्या अशा विव्हळायच्या की नव्याने आलेली माणसं रडायला लागायची. गिरणीवाला, त्याचे दोन भाऊ आणि गवळीण असे चौघे दाराला चार कोपऱ्यांवर धरून त्यांना गावाबाहेरच्या रस्त्यापर्यंत न्यायचे. सासूबाई वरून ओळखीच्या बायकांना हात करायच्या.

असं सगळं सुरळीत चाललं असताना मुख्यालयातून मोठ्या साहेबांचा फोन आला.

"तुम्ही म्हाताऱ्या बायकांना दारावर घालून गावभर फिरवता, हे खरं आहे?"

"नाही साहेब. एकाच म्हातारीला फिरवतो."

"हा काय पोरखेळ आहे? अहो, गावातल्या लोकांना एवढं डोकं नसतं. चित्र लावा, विषय संपवा!"

"लावलं होतं साहेब. लोकांना बूट आवडले."

पलीकडे साहेबांचा श्वास ऐकू आला. "मी स्वतः तपासणीला येतोय. तिथे तमाशा दिसला तर वर्ग बंद! आणि तुम्ही मुख्यालयात, औषधांच्या कोठारात. बसा बाटल्या पुसत!"

बाईंनी फोन ठेवला. त्यांचे कान लाल झाले होते.

"काय म्हणाले?" शिंप्याने विचारलं.

"वर्ग बंद करणार म्हणे! मला कोठारात टाकणार!"

"कोठारात पंखा असतो म्हणतात."

"पंखा घाला चुलीत! येऊ दे त्यांना! गावाला डोकं नसतं काय? असं दाखवते, असं दाखवते की ते तोंडात बोट घालतील!"

खरं सांगायचं तर बाई घाबरल्या होत्या. कोठाराची त्यांना भीती नव्हती. वर्ग बंद पडला तर पुढच्या गवळ्याला कोण उचलणार, ही भीती होती. पण असं काही बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती, म्हणून त्यांनी ताबडतोब तालीम लावली.

बेत सोपा होता. साहेब पडवीत बसतील. सासूबाई मागच्या ढिगाकडे सरपण आणायला जातील. शिंपी भिंतीआड दोरा धरून बसेल. लाकडं खुडबुडली की दोरा ओढायचा, साप उडी मारून बाहेर येईल, सासूबाई किंचाळतील, आणि मग गाव दाखवेल त्याला काय येतं ते.

"मी मरताना दोन शब्द बोलणार," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तुम्ही मरायचं नाही! वाचायचंय! सगळा वर्ग त्यासाठीच आहे!"

"बरं, वाचताना बोलते."

"पेशंटने बोलायचं नसतं! शांत पडायचं असतं!"

"मग एवढे ठेवणीतले कपडे घालून मी काय नुसती पडू?" असं म्हणून सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या, आणि त्यांना एक वाक्य द्यावं लागलं.

ठरल्या दिवशी साहेब आले. भरदार शरीर, कडक इस्त्री आणि पायात टोकदार, पातळ, आरशासारखे चकचकीत बूट, तेही मोज्यांशिवाय. बाईंनी आधी बुटांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

साहेबांनी बसायच्या आधीच भाषण सुरू केलं. अज्ञान म्हणजे काय, अंधश्रद्धा म्हणजे काय, आणि शिस्त म्हणजे काय. गाव शांतपणे ऐकत होतं. गिरणीवाल्याच्या थोरल्या भावाला डुलकी लागली. ढिगाकडे निघालेल्या सासूबाई मध्येच थांबून साहेबांकडे असं बघत होत्या, जणू त्यांनी दुसऱ्याच्या रांगेत घुसखोरी केली होती.

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. "हॅलो? हॅलो! आवाज येत नाहीये!"

आता हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं की फोनला आवाज हवा असेल तर सरपणाच्या ढिगावर चढावं लागतं. गिरणीवाला मदतीला धावला. "साहेब, मागे! मागे जा! ढिगापाशी!"

"काठी घ्या!" बाई ओरडल्या. "साहेब, आधी काठीने..."

पण साहेब फोन कानाला लावून मागे गेलेसुद्धा. एक हात त्यांनी लाकडांत घातला, एक बूट फटीत रोवला आणि वर चढू लागले. लाकडं खुडबुडली.

भिंतीआड शिंपी दोरा धरून बसला होता. त्याला काय दिसणार? खुडबुड ऐकू आली. आज आईचं वजन जरा जास्त वाटतंय, एवढा विचार करून त्याने सगळ्या ताकदीने दोरा खेचला!

पिवळा, लाल फुलांचा साप साहेबांच्या पायांमधून सणकन निघाला. साहेबांनी जी किंकाळी फोडली तिच्यापुढे सासूबाईंची वर्षभराची मेहनत पाण्यात गेली. "साप! साप! चावला! मेलो!" आणि लाकडं, फोन, साहेब असे सगळे मिळून खाली आले.

गाव उठलं. कुणी पळालं नाही, कुणी धक्काबुक्की केली नाही. चौघांनी दार उचललं आणि ढिगामागे हजर झाले. इतकं नेटकं ते सरावातही कधी झालं नव्हतं. बाईंना वाटलं, आता हे बघायला साहेब हवे होते! मग त्यांच्या ध्यानात आलं की साहेब आहेतच. खाली आहेत.

साहेब धूळ झटकत उठू लागले. त्यांना एव्हाना दोरा दिसला होता, फुलं दिसली होती आणि आपल्याकडे टक लावून बघणारं गावही दिसलं होतं. त्यांनी छाती पुढे काढली.

"काही नाही, काही नाही," ते म्हणाले. "मला काही झालेलं नाही!"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. वर्षभर त्यांनी दर आठवड्याला ज्या वाक्याचं उत्तर ओरडून दिलं होतं, तेच वाक्य! तेही इतक्या मोठ्या माणसाच्या तोंडून! त्यांनी साहेबांना खांद्याला आणि ढोपराला धरून अलगद दारावर आडवं केलं.

"अरे! सोडा! काय चाललंय?"

"हलू नका साहेब. विष पसरतं."

"कसलं विष? तो चिंध्यांचा साप होता!"

"भ्रम होतोय," गिरणीवाला गंभीरपणे म्हणाला. "बाई, हे फार बडबडतायत. चढलं का?"

"बडबड आधीपासूनच होती," सासूबाई म्हणाल्या.

शिंपी भिंतीआडून धावत आला आणि त्याने बाईंना बाजूला ओढलं. "अगं, तो आपलाच साप होता! मीच ओढला! थांबव त्यांना!"

बाई पुढे झाल्या. थांबा म्हणायला तोंड उघडलं, आणि त्यांची नजर साहेबांच्या पायावर गेली. घोट्याच्या वर ओरखडा होता आणि त्यातून रक्त येत होतं. लाकडाचा असेल. खिळ्याचा असेल. कापडी साप काही रक्त काढत नाही. पण त्या ढिगात काठी न घालता हात कुणी घातला होता? पाय कुणी घातला होता? आत आणखी काय होतं, हे कुणी पाहिलं होतं?

"कशाचं लागलं साहेब हे?"

"काटा असेल! लाकूड असेल! मला काय ठाऊक? काही झालेलं नाही म्हणतोय ना!"

गवळीण दाराचा कोपरा धरून उभी होती. ती साहेबांकडे बघत नव्हती, बाईंकडे बघत होती. बाईंना कळलं की आपण आत्ता 'थांबा' म्हटलं, तर वर्ग साहेबांनी बंद करायची गरजच उरणार नाही. तो आपणच बंद केलेला असेल.

"अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुमची मापाची लाकडी पट्टी द्या. पाय बांधायचाय."

"माझी पट्टी?"

"आणि न्हाणीघराच्या पडद्याचं कापड. पट्ट्या फाडा. आवळू नका, नुसता पाय हलणार नाही असं बांधा. घड्याळ काढा त्यांचं! अंगठी काढा!"

"सस्पेंड करीन!" साहेब गरजले. "एकेकाला सस्पेंड करीन!"

"मला कुठून करणार?" गिरणीवाला म्हणाला. "माझी स्वतःची गिरणी आहे."

अंगठी काही केल्या निघेना. एकाने साबण आणला, एकाने तेल आणलं, गवळणीने लोणी आणलं. अंगठी निघाली, पण साहेब कोपरापर्यंत असे चोपडले गेले की दोनदा दारावरून घसरले. शिवाय दार होतं सासूबाईंच्या सवयीचं. साहेबांचे दोन्ही हात बाहेर लोंबायला लागले. मग तेही पोटावर घेऊन बांधले.

गाडीत ड्रायव्हर झोपला होता. डोळे उघडून बघतो तर मागच्या फळीवरून साहेब पायांकडून आत येतायत!

"साहेबांना साप चावला! मोठ्या दवाखान्यात घे!"

"गाडी सुरू करू नकोस!" साहेब ओरडले. "माझा हुकूम आहे!"

ड्रायव्हर गोंधळला. बाई त्याच्या शेजारी जाऊन बसल्या आणि गाडीचं दार आपटून लावलं. "पेशंटचं ऐकायचं नाही. चल!" आणि ड्रायव्हरने, गेली कित्येक वर्षं हेच वाक्य ऐकायची वाट बघत असल्यासारखी, गाडी पिटाळली.

मागे दार हातभर बाहेर आलं होतं. लांब सामान नेताना टोकाला लाल फडकं बांधावं लागतं, म्हणून शिंप्याने दुसरं काही न मिळाल्याने फुलाफुलांचा सापच बांधून दिला होता. तो वाटभर फडफडत होता आणि मागून येणारी वाहनं सुरक्षित अंतर ठेवत होती.

चौघे दार धरून मागे बसले होते. आणि सासूबाईही होत्या! त्या कधी चढल्या कुणालाच कळलं नाही. पेशंटला धीर द्यायचा असतो हे त्या वर्गात शिकल्या होत्या. त्यांनी साहेबांच्या कपाळावर हात ठेवला.

"घाबरू नको बाळा. आमच्या लहानपणी एकाला चावला होता. असाच होता, धडधाकट. तुझ्याएवढाच."

"मग?" साहेबांनी नकळत विचारलं.

"मग काय! सगळा गाव आला होता पोचवायला."

साहेबांनी अगदी हळू आवाजात ड्रायव्हरला जरा जोरात घ्यायला सांगितलं.

मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने साहेबांना ओळखलं आणि दचकली. मग पट्टी सोडून पाय पाहिला, पापण्या वर करून पाहिल्या, जीभ बाहेर काढायला लावली.

"मला काही झालेलं नाही," साहेब म्हणाले, पण आता त्यात पहिल्यासारखा दम नव्हता.

"सगळे असंच म्हणतात सर. सापाचा संशय असला तर रक्त तपासायचं आणि उद्यापर्यंत लक्षाखाली ठेवायचं, असा नियम आहे. तुम्हीच तो सगळीकडे लावून दिलाय."

तिने काचेच्या कोरड्या नळीत साहेबांचं रक्त घेतलं आणि नळी टेबलावर उभी ठेवली. ती हलवायची नाही, हात लावायचा नाही, ठरलेला वेळ संपला की तिरकी करून बघायची. रक्त गोठलं तर ठीक. पातळ राहिलं तर विष.

त्या टेबलाभोवती सगळे उभे राहिले. चौघे, बाई, सासूबाई, ड्रायव्हर. दारावरून खाटेवर आलेले साहेबही मान वळवून बघत होते. गिरणीवाल्याला शिंक आली तर त्याने बाहेर जाऊन दिली. बाईंनी मनात म्हटलं, देवा, हा माणूस मला अजिबात आवडत नाही, पण याला काही होऊ देऊ नकोस. आणि लगेच त्यांना स्वतःचाच राग आला, कारण साप कापडी होता हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरीही नळीवरून नजर हटत नव्हती. शेवटी ठाऊक असणं म्हणजे तरी काय? गवळ्यालाही काटा लागल्याचं ठाऊक होतंच.

डॉक्टरणीने नळी तिरकी केली. आतला गोळा जागचा हलला नाही.

"गोठलं!"

खोलीत एकच जल्लोष झाला! गिरणीवाल्याने भावांना मिठी मारली. ड्रायव्हरने सासूबाईंना मिठी मारली. साहेबांनी डोळे मिटून घेतले आणि त्यांच्या गालावरून एक थेंब ओघळला. तो लोण्याचा असावा, असं पुढे त्यांनी सांगितलं.

मात्र जीव थाऱ्यावर आला तसा साहेबपणाही थाऱ्यावर आला.

"बाई, तुम्हाला माहीत होतं तो साप खोटा होता?"

"माहीत होतं."

"आणि तरी मला बांधून आणलंत? साऱ्या रस्त्याने? वर्ग बंद! आत्तापासून बंद! उद्यापासून तुम्ही कोठारात!"

"साप खोटा होता साहेब. ढीग खरा होता. रक्त खरं होतं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला. "कोठारात घाला, तळघरात घाला! पण पुन्हा तुम्ही त्या ढिगात हात घातलात तर मी कोठारातून येऊन पुन्हा उचलीन!"

"मी सांगत होतो ना, मला काही झालं नाही म्हणून!"

"आमचे हेही सांगत होते," गवळीण म्हणाली.

ती खाटेच्या पायथ्याशी साहेबांचा बूट हातात घेऊन उभी होती.

"काटा लागला म्हणाले. मी ऐकलं त्यांचं. मी हसले, चहा टाकला. तुमच्यापेक्षा खणखणीत आवाज होता साहेब त्यांचा." तिने बूट झटकला, आत डोकावून पाहिलं आणि खाटेखाली नीट ठेवला. "तुम्ही किती शिव्या दिल्यात सबंध वाटेत. मला बरं वाटत होतं ऐकून. म्हटलं, बोलतायत तोवर आहेत."

साहेब भिंतीकडे वळून झोपले, किंवा झोपल्यासारखं दाखवलं. रात्रभर तिथली नर्स येऊन त्यांच्या पापण्या तपासत होती आणि एकदाही त्यांनी तिला काही झालेलं नाही असं सांगितलं नाही.

सकाळी सुट्टी मिळाली. गाडीत बसताना साहेब बाईंकडे न बघता म्हणाले, "वर्ग चालू ठेवा."

बाईंना ओरडावंसं वाटलं, पण त्यांनी नुसती मान हलवली.

"पण नियमात एक सुधारणा करा. पेशंट अधिकारी असेल, तर त्याचं ऐकायचं. काही दर्जा वगैरे असतो की नाही?"

"वर्गाला विचारून सांगते," बाई म्हणाल्या.

पुढच्या वर्गाला पडवीत उभं राहायला जागा नव्हती. बाईंनी साहेबांची सुधारणा जशीच्या तशी बोलून दाखवली, स्वतःचं मत न घालता. हे त्यांना किती जड गेलं, ते त्यांच्या नवऱ्यालाच विचारा. गाव विचारात पडलं. मग गवळणीने हात वर केला.

"अधिकाऱ्याला विष वेगळं चढतं का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"मग वेगळं का ऐकायचं?"

सुधारणा पडली. विरोधात सगळा गाव, बाजूने फक्त शिंपी, तोही पट्टी परत मिळाली नव्हती म्हणून.

बाईंनी साहेबांना फोन लावला. "साहेब, गाव नाही म्हणतंय. तुम्ही असलात तरी तुमचं ऐकणार नाहीत. मुख्यालयातून कुणीही आलं तरी ऐकणार नाहीत. उचलून नेणार."

पलीकडे खुर्ची करकरली.

"अहो," साहेब शेवटी हताश होऊन म्हणाले, "मग आम्ही अधिकाऱ्यांनी करायचं तरी काय?"

"चावून घ्यायचं नाही, साहेब," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.